तीन कुटुंबांसह चोर्ला घाटाखाली

गोमंतकात जाण्यास आमच्या खानापूर तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंबांना फारसे निमित्त लागत नाही. डिसेंबरात जुन्या गोव्याचे फेस्त असते, वास्कोस कोणाचा मुलगा नोकरीस असतो, म्हापशाकडे कोणाची लेक दिलेली असते. घाट उतरणे आणि चढणे आमच्या लोकांच्या अंगवळणी पडले आहे. तथापि जानेवारी २०२४ मध्ये एका बुधवारी पहाटे ज्या मंडळींसह आम्ही चोर्ला घाट उतरलो, त्यांतील बहुतेकांनी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तीन कुटुंबे होती आणि तिन्ही घरांत एकेक स्वमग्न मूल. मूल म्हणावयाचे ते केवळ सवयीने. त्यांतील थोरला एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला तरुण आहे. दुसरी बारा वर्षांची मुलगी, आणि तिसरा एका गवंड्याचा नऊ वर्षांचा मुलगा, ज्याच्या तोंडून अद्याप एकही शब्द निघालेला नाही.

अशा घरांचा एक नियम असतो व तो ठाऊक असतो फक्त त्या घरांनाच. सारी माणसे मिळून कोठे जावयाचे नाही. लग्नास बाप गेला तर आई घरी राहते. आई मिस्सेस गेली तर बाप उंबऱ्यात बसतो. प्रथम नातलग बोलावितात, मग विचारतात, पुढे विचारणेही सोडून देतात. आणि त्यात त्यांना दुष्टपणा करावयाचा असतो असे मुळीच नव्हे. एकोणीस वर्षांच्या त्या तरुणाची आई विधवा आहे, साठीच्या पुढे गेलेली. सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात ती मांडवात नव्हती, मागच्या परसात होती, कारण बेंडबाजा सुरू होताच मुलगा स्वतःच्या डोक्यावर बुक्क्या मारून घेऊ लागला होता.

पणजीस दिव्यांग बंधुभगिनींचा मोठा मेळा भरतो, त्यास ‘पर्पल फेस्ट’ म्हणतात, ही वार्ता आमच्या धर्मग्रामातील गोव्यात शिक्षिका असलेल्या एका मुलीने आम्हांस दिली. पहिला मेळा ६ ते ८ जानेवारी २०२३ या दिवसांत झाला. पुढच्या वर्षीचा ८ ते १३ जानेवारी असा सहा दिवसांचा होता. पर्पल म्हणजे जांभळा; दिव्यांगांच्या चळवळीने हा रंग आपला मानला आहे. आम्हां धर्मगुरूंना जांभळा रंग म्हटला की आगमनकाळाची व उपवासकाळाची वस्त्रेच आठवतात, म्हणून त्या नावाने आम्ही प्रथम थोडे चकितच झालो. वाट पाहण्याच्या दिवसांचा हा रंग त्या लोकांनी सणास घेतला, हे पुढे विचार करता आम्हांस आवडले.

भाड्याची क्रूझर गाडी ठरविली. दोन तरुण मुली मदतीस आल्या. आम्ही धरून बारा जण झालो. पहाटे सहास निघालो तेव्हा जांबोटीपर्यंत दिवे लावूनच जावे लागले. भात कापून झालेली शेते धुक्यात बुडालेली होती. कणकुंबीस पोहोचेतो उजाडले. हे गाव लहान, परंतु मलप्रभा येथेच उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते. याच तालुक्याच्या जंगलात, भीमगडाच्या बाजूस, म्हादई उगम पावते व ती पश्चिमेस वळून गोव्यात मांडवी होते. एकाच तालुक्याचे पाणी दोन समुद्रांस जाते, ही गोष्ट आमच्या शाळेतील मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

कणकुंबीच्या पुढे वळणे सुरू झाली आणि अडचणही. घाटात प्रत्येक वळणावर भोंगा वाजवावाच लागतो. आणि गवंड्याच्या मुलास भोंग्याचा आवाज म्हणजे जणू कानात सुई. पहिल्या वळणावर तो किंचाळून आसनाखाली शिरला. आईने शाल त्याच्या डोक्याभोवती गुंडाळली. बाप चालकास म्हणाला, “परत फिरवा, मामा. आम्ही उतरतो, तुम्ही पुढं जावा.” चालक आमच्याच गावचा, वयस्क हिंदू गृहस्थ. त्याने गाडी कडेस घेतली, थोडा विचार केला आणि म्हणाला, “वाजवायच्या आधी मी डावा हात वर करतो. तेला बघू दे.” पुढच्या वळणावर त्याने हात वर केला, मदतीस आलेल्या मुलीने मुलाचे हात धरून त्याच्या कानांवर ठेविले, आणि मगच भोंगा वाजला. पाचव्या-सहाव्या वळणापासून मुलगा स्वतःच त्या हाताकडे टक लावून बसला. हात वर झाला की कान झाकी, खाली आला की सोडी. केरीजवळ अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले तेव्हा तो चक्क हसत होता. विशेषज्ञ लोक हेच सांगतात की अशा मुलास पुढे काय होणार हे आधी, शब्दांपेक्षा खुणेने वा चित्राने, कळविले तर त्याची अर्धी भीती जाते. आमच्या चालकाने ते कोठे वाचलेले नव्हते.

वाटेत एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने बारा वर्षांच्या मुलीस विचारले, “चहा की दूध?” तिने त्याच सुरात उत्तर दिले, “चहा की दूध?” तो हसला, त्याला ती थट्टा वाटली. आई म्हणाली, “दादा, ती चेष्टा करीना. दूध हवं म्हणते.” ज्या गोष्टीस ‘होय’ म्हणावयाचे तो प्रश्नच उलट उच्चारणे, ही या मुलांची एक रीत आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेस नाव दिले, तेव्हा ही रीतही त्यांनी टिपून ठेविली होती. टपरीवाल्याने दूध दिले आणि पैसे घेतले नाहीत. हे दुसरे मात्र आईस रुचले नाही. तिने पैसे ठेविलेच.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांच्यासाठी दोन शब्द येथेच लिहितो. स्वमग्नता हा रोग नव्हे, म्हणून त्यावर औषधाची बाटली नाही. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. इतरांशी बोलणे, त्यांचे मन ओळखणे अवघड जाते. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श हे कोणास असह्य होतात. ठरलेला क्रम मोडला की जीव घाबरा होतो. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी महाविद्यालयात शिकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगातील दर १२७ माणसांमागे एक अशी होती. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात असे एखादे तरी घर असणार. दिसत नसेल तर ते दार लावून बसले आहे, इतकेच.

आईस दोष देण्याची चाल केवळ आपल्या खेड्यांत आहे असेही समजू नये. आपल्याकडे ग्रहण, नजर, पूर्वजांचे पाप ही कारणे पुढे येतात. पाश्चात्य देशांत मोठमोठ्या विद्वानांनी काही दशके असे शिकविले की आईच्या थंड स्वभावामुळे मूल असे होते. ते मत मोडून काढण्यात बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता; तो स्वतः अशा मुलाचा बाप होता आणि त्याचे पुस्तक १९६४ साली निघाले. लसीमुळे स्वमग्नता येते हा दुसरा समज. १९९८ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लेख आला होता. त्यातील खोटेपणा उघडकीस येऊन २०१० साली तो मागे घेण्यात आला. तरीही आमच्या भागात त्याची कुजबुज अद्याप ऐकू येते. मातांनी लेकरांच्या लसी निःशंकपणे टोचून घ्याव्यात. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी प्रभूस पाप कोणाचे म्हणून विचारले, त्यास त्याने काय उत्तर दिले हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रत्येकाने पुन्हा वाचावे.

साखळी, डिचोली, पर्वरी अशी गावे मागे टाकून मांडवीचा पूल ओलांडला. मेळ्याचा मुख्य भाग नदीकाठी, जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात होता. पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली स्थापन झालेली ही वैद्यकशाळा आशियातील जुन्यांपैकी एक. रुग्णालय पुढे बांबोळीस गेले आणि आता या आवारात चित्रपटमहोत्सव भरतात. तेथे शिरताच आमच्या मंडळींस जे जाणवले ते असे की कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हते. चाकांच्या खुर्च्या होत्या, पांढऱ्या काठ्या होत्या, व्यासपीठावरील भाषण हातांच्या खुणांनी सांगणारे दुभाषे होते. एकोणीस वर्षांचा तरुण वाद्यवृंदाच्या बाजूस उभा राहिला आणि पुढेमागे डुलू लागला. लग्नातील बाजा ज्यास सोसला नाही त्यास हे संगीत कसे सोसले, ते आम्ही सांगू शकत नाही. कदाचित येथे तो हवे तेव्हा दूर जाऊ शकत होता म्हणून असेल. पाऊण तास तो डुलला. कोणी त्यास ‘शांत उभा राहा’ म्हटले नाही. त्याची आई खुर्चीवर बसली, पायांतील वहाणा काढल्या आणि डबा उघडला. “फादर,” ती म्हणाली, “चार माणसांत बसून मी शेवटचं कधी जेवले, आठवत नाही बघा.”

गवंड्याच्या मुलाचे मात्र तसे झाले नाही. गर्दी कितीही सौजन्याची असो, ती गर्दीच. दहा मिनिटांत तो दाराकडे ओढू लागला. एवढा खर्च करून आलो आणि हा आत थांबेना, ही खंत बापाच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. आम्ही त्या दोघांसह बाहेर नदीकाठी आलो. धक्क्यावरून पलीकडच्या बेती गावास फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्यास तिकीट नाही. मुलगा सरळ तिच्यात चढला. लोखंडी कठड्यास छाती टेकून तो पाण्याकडे पाहत राहिला. बेती आली, सारे उतरले, तो उतरेना. बोट परत आली, आम्ही परत आलो. पुन्हा गेलो. चार वेळा नदी ओलांडली. बोटीवरचा माणूस दुसऱ्या खेपेस आमच्याकडे पाहून हसला आणि तिसऱ्या खेपेपासून त्याने मुलासाठी कठड्याजवळची जागा मोकळी करून ठेविली. पाणी बाजूंनी फाटत होते, इंजिनाचा एकसारखा घरघर आवाज होता, दर वेळी तोच क्रम, तेच अंतर. बापास आम्ही सांगितले की ही मांडवी म्हणजे आपलीच म्हादई. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे गावचंच पाणी की. म्हणून वळखलं असेल तेनं.”

आमच्या मते त्या दिवशीचा मेळा त्या मुलासाठी बोटीवर भरला होता. अशा कुटुंबांना कोठे नेणाऱ्याने एवढे आधीच ठरवून ठेवावे की मुलास जेवढे सोसेल तेवढेच थांबावयाचे, बाहेर पडण्यास एक वाट व बसण्यास एक निवांत जागा असावी, आणि लवकर निघालो म्हणून कोणी हळहळावयाचे नाही. आत उरलेल्या दोन आयांना आम्ही परतेपर्यंत गोव्यातील तीनचार आया भेटल्या होत्या व त्यांच्या बोलण्यास खंड नव्हता. कोणत्या मुलास भात चालतो पण वरण लागलेला भात चालत नाही, केस कापताना कात्री चालेल की यंत्र, रात्री दोनला उठून हिंडणाऱ्यास काय करावे. असले ज्ञान वैद्यांकडेही नसते. म्हणूनच जगभर या क्षेत्रातील पहिल्या संस्था आईबापांनीच काढल्या. इंग्लंडात १९६२ साली, अमेरिकेत १९६५ साली.

गोव्यातील एका कामाची माहिती येथे दिलीच पाहिजे, कारण ते आपल्यासारख्या गावांसाठीच आहे. पर्वरीस ‘संगत’ नावाची संस्था १९९६ पासून काम करते. तिने इंग्लंडातील व पाकिस्तानातील संशोधकांसह गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ स्वमग्न मुलांवर एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१६ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आला. तज्ज्ञ डॉक्टर खेडोपाडी मिळत नाहीत, म्हणून तज्ज्ञ नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा भेटी द्यावयाच्या, अशी योजना होती. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रीकरण करावयाचे आणि तेच तिला दाखवावयाचे. मूल कोणत्या क्षणी, किती बारीक रीतीने काही सांगू पाहत होते, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते; मग त्याच्यामागून जाण्यास, त्याच्या खेळात आपण शिरण्यास ती शिकते. त्या आईबापांचे मुलांशी वागणे अधिक जुळून आले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच बाबतींत सुधारणा झाली असे नव्हे, आणि तसे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. परंतु तज्ज्ञ नसलेली, धीराची मुलगी शिकविली तर हे काम करू शकते, एवढे त्यातून दिसले. अशा मुली आपल्या धर्मग्रामांत किती आहेत!

संध्याकाळी घाट चढताना मुले झोपली होती. चालकास हात वर करण्याची गरज नव्हती, तरी तो सवयीने करीत होता.

मेळा वर्षातून काही दिवस असतो आणि रविवार बावन्न असतात. म्हणून परतल्यावर काय झाले तेही लिहितो. रविवारच्या पहिल्या मिस्सेस ध्वनिक्षेपक लावणे बंद केले; आमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो. बाजूच्या दाराजवळचे दोन बाक या कुटुंबांसाठी ठेविले आहेत. मुलगा उठून अंगणात गेला तर जावो, पुन्हा येतो. प्रारंभी काही वृद्ध मंडळींनी तक्रार केली. त्यांपैकी एका आजोबांनीच आता त्या मुलासोबत अंगणात फिरण्याचे काम घेतले आहे, आणि त्यात त्यांची मिस्सा चुकते असे त्यांना वाटत नाही, आम्हांसही वाटत नाही. फेस्ताच्या मिरवणुकीत फटाके केव्हा व कोठे वाजणार ते आदल्या दिवशी तिन्ही घरी कळविले जाते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या खोलीत आया जमतात व युवक संघाच्या मुली दोन तास मुलांना सांभाळतात. बारा वर्षांच्या मुलीचे कुटुंब चार महिन्यांनंतर येईनासे झाले. तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरावयाचे आहे आणि लोकांत बोभाटा नको, असे बापाचे म्हणणे. आम्ही त्यांच्या घरी जातो. त्याहून अधिक काही आम्हांस साधलेले नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनने स्वमग्नतेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली होती. २२ तारखेस दिवंगत पोप फ्रान्सिस या मुलांना व त्यांच्या कुटुंबांना भेटले आणि त्यांचे एकाकीपण व त्यांवरील कलंक मोडावा असे त्यांनी सांगितले. एकाकीपण मोडण्यास बाक ठेविता येतात. कलंक मोडण्यास अधिक दिवस लागतील असे दिसते.

सरकारी कागदांचाही विषय निघाला. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ते आले. सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढले की पुढची दारे उघडतात. १९९९ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, तीत वर्षास एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. त्याच कायद्याखाली, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्वमग्न व्यक्तीस पालक नेमून मिळतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावयाचा असतो, आणि आईबाप, नातलग वा नोंदलेली संस्था तो करू शकते.

हे ऐकून विधवा आई दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आली. “माझ्या माघारी कोण,” हा प्रश्न तिने एकोणीस वर्षे कोणास विचारला नव्हता. मुलाचे प्रमाणपत्र खानापूर-बेळगावच्या पाच खेपांनंतर मिळाले. ते तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेविले आहे. ज्या बहिणीच्या घरच्या लग्नात ती परसात बसली होती, तिचाच मुलगा वास्कोस असतो. पालक होण्यास तो आपण होऊन तयार झाला. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की सही करण्यास तो घाट चढून येणार आहे. मावशीने त्यास निरोप धाडला आहे की येताना दिवसाउजेडी यावे आणि अंगणात गाडीचा भोंगा वाजवू नये.